साठ-सत्तर

आमच्याकडे नोकरी शोधणाऱ्याला विचारतात,
"डांबरावर आहेस का?"
नैरोबीत हा प्रश्न
जेवलीस का, याच्या आधी येतो.
हो, आहे. फेब्रुवारीपासून.

पाचवं वर्ष, सिव्हिल.
लॅबमध्ये डांबराची परीक्षा घेतात ती अशी:
पंचवीस अंशांवर वाटीभर डांबर,
वर शंभर ग्रॅम भाराची सुई,
ती सोडायची आणि पाच सेकंद मोजायचे.
सहा-सात मिलिमीटर आत गेली
तर डांबर साठ-सत्तर ग्रेडचं, रस्त्याच्या लायकीचं.
कमी गेली तर कडक.
जास्त गेली तर उन्हात पाघळणार.

लिकोनी रोडला, तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी
माझा कागद पाच सेकंदच पाहिला.
मी मोजले.
सुई किती आत गेली
ते त्यांनी कुठे लिहून घेतलं नाही.

एका फाटकावर बरासा नावाचा पहारेकरी होता.
त्यानं माझा लिफाफा नुसता हातात तोलला, उघडला नाही.
म्हणाला, मी सर्व्हेचा डिप्लोमावाला.
हे फाटक आहे ना, भिंतीशी काटकोनात नाही,
चार अंश कललंय.
अकरा वर्षं बघतोय.
कुणाला सांगू?

बाबा बुंगोमाच्या बाजारात बसतात,
ट्रकचे जुने टायर कापून चपला करतात.
अकाला म्हणतात त्यांना.
लाखभर किलोमीटर पळून थकलेलं रबर
माणसाच्या पायाखाली
पहिल्यापासून चालायला लागतं.
निघताना एक जोड पुढे केला होता त्यांनी.
मी म्हटलं, बाबा, ऑफिसं आहेत ती.
आणि न्गाराच्या फुटपाथवर टाचेचे काळे बूट घेतले,
साडेआठशेला.
आत पुठ्ठा आहे हे जूनमध्ये कळलं.

मंगळवारी अशीच एका फाटकावरून परतत होते.
एंटरप्राइझ रोडवर खड्डे भरणं चाललेलं,
ट्रकमधून माल पडत होता, काळा, निस्तेज,
वाफ नाही, चकाकी नाही,
ढेकळं ढेकळांना धरून बसलेली.
मी गप्प जायला हवं होतं.
म्हटलं, हा माल थंड झालाय.

मुकादम लांगातनं आधी माझ्या बुटांकडे पाहिलं,
मग लिफाफ्याकडे,
मग बराच वेळ कुठेच नाही.
थर्मामीटर ट्रकच्या खिडकीत गॉगलशेजारी पडला होता.
अठ्ठ्याण्णव.
तो फोनवर कुणावर तरी त्याच्या भाषेत ओरडत राहिला.
त्यातला "डिग्री" एवढा एकच शब्द मला कळला.
कोणती डिग्री, ते नाही कळलं.

फोन ठेवून म्हणाला,
उद्या सहाला ये. बारा दिवस. रोजचे नऊशे.
थर्मामीटर धरायचा, आकडा लिहायचा.
इंजिनियर म्हणवून घ्यायचं नाही.
इंजिनियर आमचा वेगळा आहे.
तो येत नाही.

याला नोकरी म्हणतात का, मला ठाऊक नाही.
बरासाला सांगायला मुद्दाम वाट वाकडी केली.
तो फाटक उघडून उभा राहिला,
आत यायला नाही, नुसताच.

बुधवारी दुपारी बुटांचा गोंद सुटला.
डावी टाच ताज्या रस्त्यात रुतून राहिली.
किती मिलिमीटर, ते वाकून बघणार
तेवढ्यात रोलर आला.

रात्री बाबांना फोन केला.
पगार त्यांनी विचारला नाही, मी सांगितला नाही.
म्हटलं, अडतीस नंबर. जाड रबराचा करा.
ते म्हणाले, पुढच्या चाकाचा, की मागच्या?
मी विचारलं, फरक असतो?

पलीकडे सुरी खाली ठेवल्याचा आवाज आला.
म्हणाले,
बस. सांगतो.